भंगारात जाण्यापूर्वी : जुने ट्रक, आगीचे बंब आणि त्यांच्या प्रतिकृती

नाताळचा गोठा उभारताना बहुतेक घरांत एक लहानसा वाद होतोच. मोठी माणसे गवत, माती आणि कागदाचे डोंगर यांची मांडणी करीत असतात आणि घरातले धाकटे पोर हळूच आपला खेळण्यातला ट्रक आणून मेंढरांच्या शेजारी उभा करते. बेथलेहेमात ट्रक कुठला, असे म्हणून कोणी तो उचलू लागतो; आजी मात्र म्हणते, राहू दे. आमच्या घरी असा एक ट्रक कित्येक वर्षे गोठ्यापाशी उभा राहिला. पुढे त्यानेच आम्हांला एका छंदाकडे नेले. जुने ट्रक, आगीचे बंब आणि रुग्णवाहिका यांच्या मोजूनमापून केलेल्या लहान प्रतिकृती, हा तो छंद. गोंदिया जिल्ह्यात राहून आम्ही तो जोपासला, आणि जोपासताना वाहनांचा जो इतिहास हाती लागला तो वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

लहान प्रतिकृतीची परंपरा पूर्व विदर्भाला नवी नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूर, भंडारा, गोंदिया या भागांत तान्हा पोळा भरतो. मुले लाकडी नंदीबैल सजवून, दोरीने ओढीत मिरवितात. नागपूरचे दुसरे रघूजीराजे भोसले यांनी १८०६ साली ही प्रथा सुरू केली असे सांगतात. या बैलांकडे बारकाईने पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. बैलाची मान, वशिंड, शिंगांचा बाक हे सारे सुताराने गोठ्यातल्या खऱ्या बैलाकडे पाहून कोरलेले असते. पायांखाली मात्र तो चार चाके बसवितो. गावात बैलगाडी करणारा, नांगर-वखर दुरुस्त करणारा आणि मुलांचा बैल कोरणारा माणूस एकच असे. याच सुताराच्या हाती पुढे ट्रकही आला. तो कसा, हे पुढे सांगतो.

खेळणे आणि प्रतिकृती यांतला भेद मापाचा आहे. खेळण्यातला ट्रक ट्रकासारखा दिसला की पुरे. प्रतिकृतीत मात्र खऱ्या ट्रकाचे प्रत्येक माप एकाच आकड्याने भागलेले असावे लागते. १:२४ या प्रमाणात चोवीस सेंटिमीटरची वस्तू एक सेंटिमीटरची होते. हौशी मंडळींत १:४३, १:७२, १:७६ अशी विचित्र दिसणारी प्रमाणेही रूढ आहेत, आणि त्यांच्यामागे इतिहास आहे. इंग्लंडात फ्रँक हॉर्नबी यांच्या कारखान्याने खेळण्यातल्या आगगाड्यांशेजारी मांडण्यासाठी १९३३ साली लहान मोटारी काढल्या. १९३४ पासून त्या ‘डिंकी टॉइज’ या नावाने विकल्या जाऊ लागल्या. त्या आगगाड्यांचे माप खऱ्या एका फुटाला ७ मिलिमीटर असे होते. एका फुटाचे ३०४.८ मिलिमीटर होतात. त्यांना सातांनी भागले की साडेत्रेचाळीस येतात. तोच १:४३ चा उगम. एका फुटाला ४ मिलिमीटर धरले की १:७६ येते. सहा फुटांना एक इंच धरले की १:७२ होते. हे माप विमानांच्या प्रतिकृतींतून आले.

लंडनच्या लेझ्नी कंपनीची गोष्ट तर आईबापांना विशेष आवडेल अशी आहे. या कंपनीतील जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढेच खेळणे आणण्याची मुभा होती. म्हणून त्यांनी तिच्यासाठी काडेपेटीत बसणारा रस्ता दाबण्याचा रोलर तयार केला. त्यातून १९५३ साली ‘मॅचबॉक्स’ ही मालिका निघाली आणि जगभर पसरली. तिच्यात १९५५ साली डेनिस कंपनीच्या आगीच्या बंबाची प्रतिकृतीही आली. डिंकीचे काही साचे १९६०च्या दशकाच्या अखेरीस कलकत्त्यास आले आणि ‘निकी टॉइज’ या नावाने तेथे लहान मोटारी ओतल्या जाऊ लागल्या. आमच्या पिढीच्या हाती आलेली खेळणी ही अशी होती. गाडी कलकत्त्यात ओतलेली असली तरी साचा विलायतेचा. धानाची पोती लादून आमच्या दारावरून जाणारा ट्रक त्यांत आम्हांला कधी सापडला नाही. तो हवा असेल तर स्वतःच करावा लागे.

करायला बसलो तेव्हा पहिली अडचण अशी आली की, आमच्या ट्रकाचा पुरा आराखडा कोठेच नव्हता. याचे कारण भारतीय ट्रकाच्या घडणीत आहे. कारखान्यातून पुष्कळदा केवळ चेसिस बाहेर पडे. तिच्यात इंजिन, बोनेट, चाके, पाटे आणि चालकासमोरचा पत्रा एवढे असे. चालक तात्पुरत्या बैठकीवर बसून, डोक्याला फडके गुंडाळून, ही उघडी चेसिस शेकडो मैल चालवीत आणी. पुढचे काम गावचे. केबिन, हौदा, फाळका, टपावरची माल ठेवण्याची जागा हे सर्व सुतार आणि लोहार मिळून बांधीत. बैलगाडीची साटी बांधणारा हात आता ट्रकाचा हौदा बांधू लागला. त्यामुळे एकाच कारखान्याच्या दोन चेसिसांवर पंजाबात एक ट्रक होई आणि विदर्भात दुसराच. हौद्याची उंची, फळ्यांची संख्या, केबिनच्या दाराची कमान, नक्षीचा रंग, यांची नोंद कारखान्याच्या कागदांत नसते. ती सुताराच्या हातात असते, आणि हात थकला की नोंद संपते. विलायतेचा हौशी माणूस कंपनीचे नकाशे मागवून प्रतिकृती करू शकतो. आम्हांला मात्र घरोघर फिरून, विचारपूस करून ती करावी लागते. थोडक्यात, येथे प्रतिकृती करणाऱ्याला आधी इतिहासकार व्हावे लागते.

चेसिसचा इतिहास मात्र कागदोपत्री आहे आणि तो प्रतिकृतीचे साल ठरविण्यास फार उपयोगी पडतो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी सहकार्य करून मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात मोटारींबरोबर डॉज आणि फार्गो हे ट्रकही जुळविले. मद्रासेकडे १९४८ मध्ये अशोक मोटर्स निघाली आणि १९५५ मध्ये तिचे नाव अशोक लेलँड झाले. टाटांनी जर्मनीच्या डेम्लर-बेंझशी करार करून १९५४ मध्ये जमशेदपूरला ट्रक बांधण्यास आरंभ केला. तो करार पंधरा वर्षांचा होता. १९६९ नंतर ट्रकाच्या जाळीवरचा तीन टोकांचा तारा गेला आणि त्या जागी ‘टी’ हे अक्षर आले. म्हणून प्रतिकृतीच्या जाळीवर काय लावायचे हा प्रश्न केवळ सजावटीचा राहत नाही. चुकीचे चिन्ह लावले तर ट्रकाचे वयच खोटे ठरते.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला; पण ट्रकांचा इतिहास दोघांचा एकच आहे. धान, तेंदूपत्ता आणि जंगलातले लाकूड हा येथला माल. मुंबईहून कलकत्त्याकडे जाणारा महामार्ग साकोली, कोहमारा, देवरी असा याच मुलखातून जातो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारने गोंदियाजवळ बिरसी येथे विमानांची धावपट्टी बांधली. युद्ध संपल्यावर देशभर लष्कराची वाहने लिलावात निघाली आणि ‘डिस्पोजलचा ट्रक’ हा शब्द लोकांच्या तोंडी बसला. यांत कॅनडात फोर्ड आणि शेव्हरोलेट कंपन्यांनी एकाच लष्करी नमुन्यावर बांधलेले ट्रक पुष्कळ होते. त्यांचे नाक आखूड असे. युद्धाच्या मध्यावर आलेल्या नमुन्यात समोरची काच वरच्या बाजूने पुढे झुकलेली असे, कारण काचेवरचे ऊन चमकून शत्रूच्या विमानांना गाडीचा ठाव लागू नये. रणांगणासाठी केलेली ती काच पुढे कित्येक वर्षे जंगलातले ओंडके वाहणाऱ्या ट्रकांच्या कपाळी राहिली.

उत्तरेस जबलपूर. तेथील तोफगाड्यांच्या कारखान्यात १९५९ पासून जर्मनीच्या मान कंपनीच्या नमुन्यावर ‘शक्तिमान’ हा लष्करी ट्रक बनू लागला आणि १९६९ मध्ये तेथे वाहनांचा स्वतंत्र कारखानाच उभा राहिला. पश्चिमेस भंडाऱ्याजवळ गडेगाव येथे १९८२ मध्ये अशोक लेलँडचा कारखाना आला. या दोहोंमध्ये राहणाऱ्या आमच्या मुलांना ट्रकाचे वेड लागले तर त्यात नवल नाही.

आता बंबांकडे वळू. ‘बंब’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीज भाषेतून आला. तिकडे पंपाला ‘बोंबा’ म्हणतात. जुन्या मोटारबंबाची प्रतिकृती करताना पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती अशी की, त्याला माणसांसाठी आतली जागाच नाही. अग्निशामक जवान बंबाच्या दोन्ही बाजूंना लांब फळीवर, तोंड बाहेर करून, दांडा धरून बसत. एडिंबरो आणि लंडनच्या अग्निशामक दलांचे पहिले प्रमुख जेम्स ब्रेडवूड यांच्या नावाने ही रचना ओळखली जाते. खुद्द ब्रेडवूड १८६१ मध्ये लंडनच्या टूली स्ट्रीटवरील आगीत भिंत अंगावर कोसळून मरण पावले. वेगाने वळताना माणसे खाली पडत, म्हणून १९३०च्या दशकापासून बंद केबिनचे बंब येऊ लागले. ग्रंथांतून हे वाचले होते. पण १:२४ मापाची सहा माणसे त्या फळीवर चिकटवून पाहिली आणि त्यांचे पाय कोठे टेकतात हे शोधू लागलो, तेव्हा त्या माणसांचे धाडस आम्हांला खऱ्या अर्थाने कळले.

मुंबईचे अग्निशामक दल १ एप्रिल १८८७ पासून महापालिकेकडे आले. या दलाच्या इतिहासातला सर्वांत दुःखद दिवस १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज उभे होते. त्याच्या पोटात सुमारे १४०० टन स्फोटके, कापसाचे हजारो गठ्ठे आणि सोन्याच्या विटा होत्या. दुपारी आग लागली. बंब धावले. जवान जहाजावर पाणी मारीत असतानाच चारनंतर पहिला प्रचंड स्फोट झाला आणि अर्ध्या तासात दुसरा. अग्निशामक दलाचे ६६ जवान त्यात गेले, आणि माणसांबरोबर बंबही गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. पुढे अग्निशमनाचे शिक्षण देणारे राष्ट्रीय महाविद्यालय १९५६ मध्ये रामपूरला सुरू झाले आणि १९५७ मध्ये नागपूरला हलले. आज विदर्भात शिकलेले अधिकारी देशभर बंबांवर जातात. त्यांतले किती जण जुन्या बंबावर कधी हात ठेवू शकले असतील?

रुग्णवाहिकेची कथाही अशीच. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या बजाज टेम्पो कंपनीच्या तीनचाकी गाडीमुळे ‘टेम्पो’ हा मराठीतला सामान्य शब्द होऊन बसला, आणि त्याच कंपनीच्या ‘मॅटाडोर’ गाडीने खेडोपाडीच्या कित्येक रुग्णांना इस्पितळात पोहोचविले. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाच्या नव्या रुग्णवाहिका आल्या, हे चांगलेच झाले. परंतु बाजूला लाकडी बाक आणि मध्ये स्ट्रेचर असलेली जुनी मॅटाडोर आजच्या मुलांनी पाहिलेलीच नाही.

प्रतिकृती कशी होते, हे थोडक्यात सांगतो. कोणा धर्मग्रामातल्या मुलांना उपयोगी पडेल. जुना ट्रक समोर असेल तर टेप घेऊन मोजावा. नसेल तर बाजूने काढलेले एक छायाचित्र पुरते. ट्रकाच्या टायरवर ९.००-२० असा आकडा असेल तर लोखंडी चाकाचा व्यास २० इंच, म्हणजे ५०८ मिलिमीटर असतो. छायाचित्रात ते चाक किती मिलिमीटर दिसते ते मोजले की बाकीची सारी मापे त्रैराशिकाने निघतात. १:२४ मध्ये हे चाक २१ मिलिमीटरचे होते. दोन आसांमधले अंतर ४.२ मीटर असेल तर प्रतिकृतीत ते साडेसतरा सेंटिमीटर येते. एक इंच जाडीची फळी मिलिमीटरभर उरते. तिथे आइस्क्रीमची काडी घासून वापरावी. चेसिसला जाड पुठ्ठा किंवा पातळ प्लायवुड, मडगार्डला डब्याचा पत्रा, धुराच्या नळीला बॉलपेनची संपलेली रिफिल. रिव्हेटसाठी पातळ पत्र्यावर मागून टाचणीने ठोके द्यावेत. समोरून नेमके उठाव दिसतात. लाकडाचे रेघोटे मात्र मापात लहान होत नाहीत. म्हणून बारीक रेघांचे लाकूड निवडावे, नाहीतर लहानशा हौद्याची फळी ओंडक्यासारखी दिसते.

आमच्या हातून झालेली एक चूकही येथे नोंदवून ठेवतो. बऱ्याच वर्षांपूर्वी देवरीच्या बाजूला एका जुन्या आवारात लष्करी नमुन्याचा, पुढे झुकलेल्या काचेचा एक ट्रक आम्हांला दिसला. चाके गेलेली, हौद्यात गवत वाढलेले. संध्याकाळ झाली होती. आम्ही घाईघाईने केबिन मोजले, बोनेट मोजले, आणि हौदा पावसाळ्यानंतर मोजू असे ठरवून परतलो. दिवाळीनंतर गेलो तेव्हा तेथे तेलाने काळी पडलेली जमीन तेवढी होती. गॅसकटरने तुकडे करून ट्रक भंगारात गेला होता. दोष कोणाचाच नव्हता. मालकाला जागा हवी होती आणि आम्ही उशीर केला होता.

तेव्हा आम्ही त्या भागातल्या एका वृद्ध सुताराला गाठले. त्याने तसे कित्येक हौदे बांधले होते. मापे विचारली तर तो इंचांत काही सांगेना. त्याने अंगणात खडूने रेघ ओढली, वितीने मोजली, फळीची रुंदी चार बोटे, दोन फळ्यांमधली फट पाव बोट, असे करीत पुरा हौदा जमिनीवर काढून दाखविला. आम्ही त्याच्या वितीवर टेप ठेवला आणि ती सव्वाआठ इंच भरली. त्या एका आकड्यावरून आमच्या प्रतिकृतीचा हौदा तयार झाला. तो बरोबर आहे की नाही, हे सांगणारा ट्रक आता जगात नाही. आणि तो सुतारही पुढे दोन वर्षांत निवर्तला.

या अनुभवावरून आम्ही एक नियम केला आणि तो आजवर पाळला. प्रत्येक प्रतिकृतीच्या तळाशी एक कागद चिकटवितो. प्रत्यक्ष मोजलेल्या भागांची नावे काळ्या शाईत, छायाचित्रावरून काढलेल्यांची निळ्या शाईत, आणि कोणाच्या स्मरणावरून केलेल्यांची तांबड्या शाईत. इतिहास लिहिणाऱ्यालाही हीच शिस्त लागते. पाहिलेले, वाचलेले आणि ऐकलेले यांची गल्लत झाली की सुंदर दिसणारी वस्तूही साक्ष द्यायला नालायक ठरते.

हे सारे आज सांगण्याचे कारण निकडीचे आहे. केंद्र सरकारच्या नियमानुसार १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही. ती मोडीत काढायची आहेत. संरक्षण आणि अंतर्गत सुरक्षेच्या खास वाहनांना यातून वगळले आहे. धूर ओकणारी, ब्रेक न लागणारी गाडी रस्त्यावरून जावी हे योग्यच. रुग्णाला जुन्या रुग्णवाहिकेतून न्यावे असे कोणीही म्हणणार नाही. पण एसटीच्या जुन्या गाड्या, सरकारी जीपा, कार्यालयांच्या आवारात गंजत पडलेल्या गाड्या आता एकदमच जाणार आहेत. रेल्वेचे भाग्य थोडे बरे. नॅरोगेजची इंजिने आणि डबे जपण्यासाठी नागपूरला मोतीबागेत २००२ मध्ये संग्रहालय उघडले गेले, आणि जी आगगाडी आमच्या बालपणी गोंदियातून सुटे तिच्या सोबतिणी आज तेथे पाहता येतात. गावच्या सुताराने बांधलेल्या ट्रकाला मात्र असे छप्पर मिळालेले नाही. आणि पुरा ट्रक ठेवायचा म्हटले तर अंगण लागते. त्याची प्रतिकृती घरातल्या कपाटाच्या एका फळीवर राहते.

म्हणून वाचकांस एक विनंती. आपल्या गावात, गिरणीच्या मागे, कोणा नातलगाच्या वाडीत जुना ट्रक, टेम्पो किंवा बंब उभा असेल तर मालकाची परवानगी घेऊन एका रविवारी दुपारी मुलांना तेथे न्यावे. चारी बाजूंनी छायाचित्रे काढावीत, शेजारी एक फूटपट्टी उभी धरावी. लांबी, रुंदी, उंची, चाकांमधले अंतर, हौद्याच्या फळ्या, एवढे वहीत लिहावे. गाडी चालविणारे कोणी हयात असतील तर त्यांना बोलते करावे, आणि त्यांनी सांगितलेले वेगळ्या शाईत लिहावे. प्रतिकृती पुढे केव्हाही करता येईल, कदाचित आपली नातवंडे करतील. मापे मात्र आताच घ्यावी लागतील.

आमच्या कपाटात तो देवरीचा ट्रक आहे. केबिन काळ्या शाईतले, हौदा तांबड्या शाईतला. नाताळात धाकटी नात तो मागते. आम्ही तिला आधी तळाचा कागद वाचायला लावतो, आणि मग ती तो गोठ्याशेजारी, मेंढरांच्या बाजूला, उभा करते.